मामाची मांडी

आमच्यात पहिलं जावळ आजोळी काढायचं, आणि तेबी मामाच्या मांडीवर. मामा न्हाय तर जावळ न्हाय. न्हावी दारात येऊन बसू दे, पुरण शिजू दे, पावणे जमू देत, मामा न्हाय म्हटल्यावर पोरगं केसांचं टोपलं डोक्यावर घेऊन परत आपल्या घरला. हे काय मी काढलेलं न्हाय, माझ्या आज्जीच्या आज्जीपासनं चालत आलंय. आणि माझा लेक साईराज, माझ्या लेकीचा, ऋतिकाचा एकुलता एक भाऊ, तिच्या शामूच्या जावळाच्या आदल्या दिवशी शनवारी सकाळी गॅसपुढं उभा राहून मला म्हणतोय, "आई, उद्या शामूला मांडीवर घ्यायला दुसरं कुणीतर बघ."

मी म्हटलं, "दुसरा मामा काय शनवारच्या बाजारात मिळतोय काय रं? पावशेर, अर्धा किलो?"

ह्यावर तो हसायला पायजे होता. एरवी हसला असता. निपाणीच्या एका दवाखान्यात तो रक्त तपासायच्या खोलीत कामाला हाय, तिथंच खोली करून राहतोय. घरला आला की आधी माझ्या बोलण्याची नक्कल करायची, मग भडंगाचा पुडा माझ्या हातात द्यायचा, हे त्याचं ठरलेलं. ह्या बारीला पुडा न्हाय, नक्कल न्हाय. रात्री आला तो सरळ माडीवर जाऊन झोपला.

"बरं वाटत न्हाय मला," म्हणला. "पोराला काय लागण व्हायला नको."

"सर्दीच ना? सर्दीनं जावळ थांबतंय व्हय?"

नाष्ट्याचं ताट त्यानं स्वतः उचललं, मोरीत नेऊन लई वेळ घासलं. मांडणीत ठेवायचं सोडून खिडकीच्या कट्ट्यावर एका बाजूला पालथं घातलं. शेजारी पेला, तोबी पालथा.

माझ्या हातातली उलथणी तशीच राहिली. पोळी करपून धूर निघाला तरी मला कळलं न्हाय. असं ताट पालथं घालणारा माणूस मी जन्मात एकच बघितलाय. माझा भाऊ नागेंद्र.

नागेंद्र माझ्या पाठचा. आमचं माहेर वडगावात, विणकरांच्या गल्लीत. तवाची ती गल्ली आठवली की मला अजून आधी आवाज आठवतोय, माणसं नंतर. पहाट झाली की एका घरातनं खटक-खटक सुरू व्हायचं, मग दुसऱ्या घरातनं, मग सगळी गल्लीच बोलायला लागायची. पोरं त्या आवाजात झोपायची. सणाला माग बंद राहिले की तान्ही पोरं रडत उठायची, खरं सांगते. आता गल्लीत जावा, टीव्ही ऐकू येतंय. लोकांनी मागापुढच्या, विणकरानं पाय सोडायच्या खड्ड्यावर फरशी घालून वर सोफा ठेवलाय.

नागेंद्रच्या तोंडात कायम शीळ. आणि शीळ नसली तर धोटा. ज्यांनी माग बघितला न्हाय त्यांना सांगते. धोटा मागावर सूत घेऊन हिकडनं तिकडं पळतोय; त्यात सुताची कांडी बसवली की सुताचं टोक धोट्याच्या बारक्या भोकातनं बाहेर काढायला लागतंय. बोटानं जमत न्हाय, सुईनं वेळ जातोय. म्हणून सगळे विणकर भोकाला तोंड लावून आत श्वास ओढायचे, की सूत फस्सकन बाहेर. नागेंद्र ते इतक्या झोकात करायचा की आम्ही बहिणी चिडवायचो, "बघा, धोट्याचा मुका घेतोय, बायकोचा कधी घेणार?" तो म्हणायचा, "आक्का, धोटा भांडत न्हाय." आई, म्हणजे ताराबाई, आतनं ओरडायची, "जीभ आवरा गं, वैनी यायच्या आधीच तिला पळवून लावशीला." वैनी काय आली न्हाय. आजारच आधी आला.

कसा आला, कुठनं आला, मी कधी विचारलं न्हाय. तुम्हीबी विचारू नका. साड्यांची गाठोडी घेऊन तो गावोगाव फिरायचा, तरणा होता, देखणा होता. माणूस होता.

तवा तो दुसऱ्याच्या पावरलूमच्या शेडात कामाला होता. शेडातले धोटे काय कुणाच्या नावाचे नसतात. दिवसपाळीवाला ज्या धोट्याला तोंड लावतोय त्यालाच रातपाळीवाला लावतोय. एक दिवस कुणीतरी दवाखान्यातनं ऐकून आलं, आणि दुसऱ्या दिवशी नागेंद्रनं हात लावलेले धोटे रॉकेलात बुडवून ठेवले. लाळेनं तो रोग लागत न्हाय हे आज शाळेतल्या पोरालाबी ठाऊक हाय. तवा शेडात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तोंड तर सगळ्यांना लावायलाच लागायचं. माणसं वाईट नव्हती हो. भ्यालेली होती. त्याला कुणी शिवी दिली न्हाय, मारलं न्हाय. नुसतं त्याच्या मागाशेजारी उभं राहायचं बंद केलं. चार दिवसांनी तो आपणहून घरला आला, बाबांच्या जुन्या हातमागावरची गोधडी काढली आणि खड्ड्यात पाय सोडून बसला.

घरातबी त्यानं स्वतःच ताट वेगळं केलं. आईनं न्हाय, मी न्हाय, त्यानं. जेवण झालं की घासून खिडकीत पालथं घालायचं. आई डोळ्याला पदर लावायची, तो शीळ घालायचा.

मी शहापुरात नांदत होते. साईराज तवा कडेवर होता. आठवड्याला मी वडगावला जायची, त्याच्या कांड्या भरून द्यायची, आणि कांडी भरली की धोटा त्याच्या हातात द्यायच्या आधी स्वतः तोंड लावून सूत ओढायची. "आक्का, ठेव गं," म्हणायचा. मी म्हणायची, "गप बस. तुझ्या आधी धोटा मी शिकलीया." मला काय डॉक्टरनं सांगितलं नव्हतं काय होत न्हाय म्हणून. मला राग आलता, एवढंच. माझ्या भावाच्या धोट्याला रॉकेल लावता व्हय रं, असा राग. त्या रागात मी मेली असती तरी चाललं असतं मला.

तर ते ताट बघून मी गॅस बंद केला.

"साईराज, हिकडं ये. बस. काय झालंय ते सांग, आणि मला बनवू नको. सुई लागली काय तुला?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. "तुला कुणी सांगितलं?"

"ताटानं."

मग तो माझ्यापुढं पाटावर बसला आणि रडला. एवढा बाप्या माणूस, दाढी-मिशी असलेला. दोन दिवस आधी, बेस्तरवारी संध्याकाळी, एका माणसाचं रक्त काढून झालं, आणि सुईला परत टोपण बसवताना ती अंगठ्यात घुसली. टोपण परत बसवायचं नसतंय, सुई तशीच डब्यात टाकायची असतीया, हे तोच नव्या पोरांना शिकवतोय. पण गडबड होती, दहा माणसं ताटकळत होती, हात सवयीनं गेला. अंगठा साबणानं धुतला. तासाभरानं त्याच माणसाचं रक्त त्यानं स्वतः तपासलं. त्यात तो रोग निघाला.

"मग? ह्याला काय औषध-बिषध?"

"हाय की. गोळ्या असतात. लागण बसू नये म्हणून. जेवढ्या लवकर घ्याव्या तेवढं बरं. तीन दिवसांच्या आत सुरू करायलाच पायजेत, नंतर उपयोग न्हाय."

"घेतल्यास?"

त्यानं मान खाली घातली.

अगं बाई, माझं डोकंच फिरलं! "मुडद्या! बेस्तरवारी लागली, आज शनवार उजाडला, आणि तू माडीवर झोपतोस? दवाखान्यात काम करतोस आणि औषध घेत न्हाईस? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणत्यात ते हेच काय रं?"

"निपाणीत कुणाला सांगायचं आई? टोपण का बसवलंस म्हणून साहेब बोलतील. उद्या कामावरनं काढतील. आणि ह्या गोळ्या हितं सिव्हिलात मिळतात. तिथं आपल्या गल्लीतला जोतिबा शिपाई हाय. सांजच्याला शहापूरभर झालं असतं. ऋतिकाच्या सासरी कळलं असतं. आई, तुला म्हाईत न्हाय, मला शाळेत पोरं काय म्हणायची. 'त्या मामाचा भाचा.' आता खराच झालो की."

मला त्याचा राग आला. पंचवीस वर्षं झाली तरी लोक विसरले न्हाईत, आणि मला वाटत होतं माझ्या पोराच्या कानावर काय गेलं न्हाय. मी त्याला सांगून ठेवलतं, मामा क्षयानं गेला.

"ऊठ," मी म्हटलं. "तोंड धू. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाय."

आमचे हे, राजकुमार, बाहेर पेपर वाचत होते. म्हणले, "एवढ्या घाईनं कुठं?" मी म्हटलं, "औषध आणायला. पुरणाच्या डाळीकडं ध्यान ठेवा." ह्यांचं एक बरं हाय, परत विचारत न्हाईत.

सिव्हिलच्या दारात रिक्षातनं उतरलो आणि पहिला दिसला कोण, तर जोतिबा. पांढरा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. "काय अक्का, हिकडं कुठं? कोण आजारी हाय?"

साईराज माझ्यामागं सरकला. मी म्हटलं, आता लपून काय व्हणार, घाव घालायचाच तर एकदाच घालावा. चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "माझ्या पोराला कामावर सुई लागलीय. त्या रोगाच्या माणसाची. गोळ्या पायजेत. आणि जोतिबा, हे गल्लीत कुणाला सांगायचं असंल तर मला विचारून जा, मी नीट सांगते तुला, काय चुकायला नको."

जोतिबा आधी हिकडं-तिकडं बघाय लागला. मग म्हणला, "अक्का, तुम्हीच आवाज बारीक करा. मी हितं एवढी वर्षं काढली, गल्लीतल्या कितीजणांना आत सोडून आलोय. तुमच्या कानावर कधी एकतरी नाव आलंय काय?"

मी आठवून बघितलं. खरंच एकबी आलं नव्हतं.

त्यानं आम्हाला मागच्या बाजूनं नेलं. आतल्या कानडी नर्सबाई "बर्री अक्का, कुंद्री" म्हणत खुर्ची पुढं करून गेल्या. डॉक्टरीणबाई तरण्या होत्या. त्यांनी साईराजला सगळं विचारलं, कधी लागली, किती खोल गेली, रक्त आलं का. त्याचं रक्त काढून घेतलं. आणि कागद-बिगद नंतर, आधी हे, म्हणून एक गोळी त्याच्या हातावर ठेवली.

एवढीशी गोळी. पांढरी. मी बघतच राहिले.

"रोज एक," त्या म्हणल्या. "अठ्ठावीस दिवस. एकबी चुकवायची न्हाय. मळमळ होईल, डोकं दुखेल, तरी सोडायची न्हाय. दीड महिन्यानं परत रक्त तपासू, मग तीन महिन्यांनी. अक्का, घाबरू नका. सुई लागली म्हणून सगळ्यांना लागण होतीया असं न्हाय, हजारात दोघा-तिघांना होतीया. आणि गोळी वेळेत सुरू झाली की तीबी भीती जवळजवळ जाती. अजून आधी यायला पायजे होता, पण वेळेत आलाय."

साईराजनं गोळी गिळली, बाटलीतनं पाणी प्याला आणि बाटली आपल्या पिशवीत घालाय लागला. मी ती काढून घेतली आणि राहिलेलं पाणी तोंड लावून पिऊन टाकलं. तहान लागलीच होती मला.

"बाई," मी विचारलं, "म्हणजे आता ह्या रोगाला औषध हाय?"

"ही गोळी तो होऊ नये म्हणून. झालेल्यांनाबी गोळ्या हायत. रोज घेतल्या की चांगले जगतात, कामाला जातात, लग्नं करतात, पोरं होतात. बाहेर बसलेत बघा, महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेत."

मी दारातनं बाहेर बघितलं. बाकावर एक बाप्या होता, जेवणाचा डबा मांडीवर, घाईत, बहुतेक तिथनं कामावर जायचं असंल. एक बाई होती, डोक्यात अबोलीचा गजरा, शेजारणीला कुंद्यात खवा किती घालायचा ते सांगत होती. एक म्हातारा डुलक्या घेत होता. म्हातारा! त्या रोगाचा माणूस म्हातारा झाला होता, त्याचे दात पडले होते.

मग मला आवरलं न्हाय. माझा नागेंद्र ह्या बाकावर बसला असता. केस पिकले असते, ढेरी सुटली असती, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरला असता, आणि ह्या कुंद्यावाल्या बाईला चिडवून चिडवून रडवलं असतं. सरकारी गोळ्या आल्या त्या तो गेल्यावर चार-पाच वर्षांनी. चार-पाच वर्षं म्हणजे काय हो? एक लुगडं विरायला ह्याच्यापेक्षा जास्ती वेळ लागतोय. मी त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडले. त्यांना वाटलं मी लेकासाठी रडालीय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी त्यांना काय सांगितलं न्हाय.

साईराजनं निघताना विचारलं, "मॅडम, बारक्या पोराला मांडीवर घेतलं तर चालतंय?"

त्या हसल्या. "तुम्ही लॅबवाले ना? तुम्हाला ठाऊक न्हाय?"

"ठाऊक हाय," तो म्हणला. "तुमच्या तोंडनं ऐकायचं होतं."

"घ्या. मांडीवर घ्या, मुके घ्या, एका ताटात जेवा. रक्तदान तेवढं करू नका, आणि लग्न झालं असंल तर काय काळजी घ्यायची ते सांगते."

एवढं ऐकून तरी सुंभ जळला पण पीळ जाईना. परत येताना रिक्षात म्हणतोय, "तरी नको आई. यशोदाबाईंना नंतर कळलं, की मी अशा वेळी त्यांच्या नातवाला मांडीवर घेतलतं, तर त्या ऋतिकाला काय म्हणतील?" यशोदाबाई म्हणजे ऋतिकाची सासू. खासबागेतली. तोंडाची फटकळ, माझ्यापेक्षा काकणभर जास्तीच.

मी म्हटलं, "तुझ्या जावळाचं तुला सांगितलंय काय मी कधी?"

"न्हाय."

"मग ऐक."

साईराजचं जावळबी असंच आजोळी, वडगावात. आईनं पुरण घातलं, न्हाव्याला सांगावा गेला, माझ्या सासरची माणसं आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. न्हावी म्हणला, मामा आधी बट कापंल, मग माझा वस्तरा, पण मामा तोच असंल तर मी न्हाय. नागेंद्रनं सगळं ऐकलं. "आक्का, कुणाच्यातर मांडीवर घाल गं पोराला, उगं तमाशा नको," म्हणला, आणि जाऊन मागावर बसला. मोठमोठ्यानं विणायला लागला, खटक-खटक, म्हणजे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायला नको.

आता, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस पटकन उठू शकत न्हाय. पाय खाली दाबायच्या पावड्यांवर, पोटाला कापड गुंडाळायचा दांडा, तूर, म्होरं विणलेलं कापड. मी विणकराची लेक, मला हे पाळण्यातनं ठाऊक. मी साईराजला उचललं, मागनं गेले आणि ठेवला त्याच्या मांडीत. नागेंद्रनं दोन्ही हात वर केले, पोलिसानं धरल्यागत. "आक्का, काढ त्याला! आक्का, पाया पडतो!" मी म्हटलं, "मी न्हाय काढत. तुला नको असंल तर उठ आणि दे."

"मग?" साईराजनं विचारलं. "मग काय केलं मामानं?"

रिक्षा आमच्या दारात थांबली होती. मी पदर सावरून उतरले. "उद्या शामूला मांडीवर घे. मग सांगते."

"आई, हे काय गं!"

"हे असंच."

ऐतवारी सकाळी त्यानं खाऊन गोळी घेतली आणि तासाभरानं ओकला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या म्हणल्या, तासाभरानं ओकला न्हवं, मग चालतंय, परत घ्यायला नको. तोवर पावणे आले. ऋतिका, तिचा नवरा, यशोदाबाई, आणि त्यांच्या कडेवर शामू. केस मानेवर आलेले, घामानं चिकटलेले, हातात बिस्किट. रवळू न्हाव्यानं अंगणात पोतं टाकलं, वाटीत पाणी घेतलं, वस्तरा पुसला. मी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. ह्यांनी डाळीकडं ध्यान ठेवलं नव्हतं म्हणून पुरण जरा लागलतं, ते मी कुणाला सांगितलं न्हाय.

"मामा कुठाय?" रवळूनं हाळी दिली.

साईराज दारात उभा होता. पाट तिथं, पोरगं हितं, सगळे त्याच्याकडं बघालेत. माझा जीव नुसता टांगणीला. तो पाटावर बसलाबी न्हाय, पळालाबी न्हाय. उभ्यानंच बोलला.

"मला आधी सांगायचंय. ऋतिका, मला बेस्तरवारी कामावर सुई लागलीया. एचआयव्हीच्या पेशंटची. लागण होऊ नये म्हणून कालपासनं गोळ्या सुरू हायत. मांडीवर घेतल्यानं पोराला काय होत न्हाय, काय म्हणजे कायच न्हाय. पण तुमच्या मागनं मी घेणार न्हाय. तुम्ही नको म्हटलासा तर मला राग न्हाय."

रवळूचा हात वाटीत तसाच. ऋतिका त्याच्याकडं बघत राहिली, डोळ्यात पाणी. मग तिनं सासूच्या कडेवरनं शामूला घेतलं.

"अण्णा," ती म्हणली, "माझ्या जावळाला मामा नव्हता. आईनं मला मामाच्या मोकळ्या मागावर बसवलती, दुसऱ्या कुणाची मांडी तिला चालली न्हाय. माझ्या पोराला मामा हाय. बस खाली."

तरी माझी नजर यशोदाबाईंवर. त्या पुढं आल्या. साईराजच्या समोर उभ्या राहून त्याला आपादमस्तक बघितलं.

"आजची गोळी घेतलीस काय?"

"घेतली."

"मग बस की रं बाबा. पोराला भूक लागलीया, आणि ऊन किती चढलंय बघ." आणि पाटापुढं बसून त्यांनी आपला पदर पसरला, केस भुईला पडू नयेत म्हणून.

साईराज बसला. ऋतिकानं शामूला त्याच्या मांडीवर ठेवलं. आणि बघते तर काय, ह्याचे दोन्ही हात वर! अगदी तसेच! मला हसावं का रडावं कळंना. मी आत जाऊन देवळीतली कात्री आणली. नागेंद्रची सूत कापायची कात्री, बारकी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. ती साईराजच्या वर धरलेल्या हातात दिली. मग कात्री धरायला एक हात खाली आला, आणि शामू कलंडतोय म्हटल्यावर दुसराबी आला. पहिली बट यशोदाबाईंच्या पदरात पडली. शामू वस्तऱ्याखाली आभाळ फाटल्यागत रडला, आणि मामानं त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरला.

रवळूनं डोकं पुसलं. साईराजनं माझ्याकडं बघितलं.

"आई, आता सांग."

मी त्याच्याशेजारी भुईवर बसले. "हात वर धरूनच बसला तो. लई वेळ. तू त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलंस. मग मुतलास. भसाभसा, त्याच्या मांडीवर, मागावरच्या नव्या लुगड्यावर. जरीचा काठ, महिन्याची मेहनत. आणि नागेंद्र हसाय लागला. हसून हसून त्याला खोकला आला, तरी हसतोय. तवा त्यानं हात खाली घेतले आणि तुला पोटाशी धरला. ह्याच कात्रीनं बट कापली. न्हावी काय आत आला न्हाय, राहिलेले केस मीच कापले, वाकडेतिकडे. तू दोन महिने उंदरानं कुरतडल्यागत दिसत होतास."

साईराज हसत होता आणि त्याच्या गालावरनं पाणी वाहत होतं.

"काय म्हणला मामा?"

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाबी न्हाय.

"म्हणला, 'आक्का, ह्याला काय माझी आठवण राहणार न्हाय. मोठा झाला की तेवढं सांग, मामाच्या मांडीवर बसलता म्हणून.'"

यशोदाबाईंनी पदरातले केस गोळा करून गाठ मारली आणि नाक पुसलं. मग मीच उठले, म्हटलं चला, पोळ्या गार व्हालेत.

जेवणं झाली. रवळू त्याचं पोतं झाडून कवाच गेला. पावण्यांनी पान खाल्लं. शामू गोट्यासारखं डोकं घेऊन मामाच्या मांडीवर झोपून गेला, आणि साईराज अजून त्याच पाटावर. मी तिथंच ताट नेऊन दिलं, आमच्या सगळ्यांच्यातलंच एक.

"आई," हळूच म्हणला, "पायाला मुंग्या आल्यात गं. घे की ह्याला."

मी म्हटलं, "मी न्हाय घेत."